शेळीनं खाल्लेले कंदील

जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक आहे. पहिली ते चौथी, ३४ पोरं, आम्ही दोघं शिक्षक. कार्यानुभव माझ्या सहकारी मॅडम घेतात, कारण मी कात्री धरली की कागद तिरकाच कापला जातो हे आता पोरांनाही पाठ झालंय. तर मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार. मॅडम रजेवर, आणि जाताना त्यांनी पोरांना सांगून ठेवलेलं की शुक्रवारी आकाशकंदील करायचेत, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घेऊन या. पोरांनी आणल्या, आणि कशा, तर पिशव्याच्या पिशव्या भरून. आमच्याकडं पत्रिका कुणी टाकून देत नाही, त्यावर गणपती असतो ना, मग ती टांडावर नाहीतर पिशवीत खुंटीला लटकत राहते. शंभरेक तरी जमल्या असतील.

पत्रिका आल्या पण कपाट उघडलं तर फेविकॉलच्या डब्यात तळाला नखाएवढा वाळलेला पापुद्रा. वाडीवर दुकान एकच, तिथं गायछाप मिळते, शाम्पूची पुडी मिळते, फेविकॉल नाही. मी म्हटलं काय बिघडलं, खळ करू. आमचे वडील घरी जुनी पुस्तकं बाइंड करायचे, खळ करताना मी शंभरदा बघितलेली. बघितलेली, केलेली कधीच नाही. आणि ते खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे, टाकायचे, म्हणजे खळ आंबत नाही आणि पुस्तकाला झुरळं, कसर लागत नाही, हेही पक्कं लक्षात होतं. मोरचूद शोधायला लांब जायला नको, माझ्या घरमालकाची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी झाली की बुरशीसाठी बोर्डो फवारायला मोरचूद आणि चुना पडवीत पडलेलाच असतो. मधल्या वेळात गाडीवर घरी गेलो, पेपरात पुडी बांधली, शर्टाच्या खिशात टाकली न आलो.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी किचन शेडमध्ये तांदूळ निवडत होत्या. पोषण आहाराला पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे आमचे ३ किलो ४०० ग्रॅम, तो सगळा मोजून, वहीत लिहून. त्यात पिठाचा संबंधच येत नाही, त्यामुळं मावशींनी शेजारीच असलेल्या स्वतःच्या घरून दोन वाट्या कणीक आणून दिली. मी ऐटीत पातेल्यात पाणी उकळलं आणि कणीक ओतली.

पुढं काय झालं असेल ते स्वयंपाक येणाऱ्यांना कळलंच असेल. बाहेरून शिजलेले, आतून कोरडं पीठ असलेले बोराएवढे गोळे, आणि मी डाव घेऊन एकेकाला कडेला दाबतोय. मावशींनी दोन मिनिटं बघितलं.

"आवं सर, उकळत्या पाण्यात पीठ टाकत्यात व्हय कुनी? आता त्याचं लाडू वळा."

मग त्यांनी परत घरी जाऊन दोन वाट्या कणीक आणली. आधी ती गार पाण्यात कालवली, धिरड्याच्या पिठाइतकी सैल, बोटांनी चिरडून एकही गुठळी ठेवली नाही. दुसरीकडं आठेक वाट्या पाणी उकळत ठेवलं, आच बारीक केली, आणि एका हातानं धार सोडत दुसऱ्या हातानं सारखं ढवळत राहिल्या. आधी पांढरट दुधासारखं दिसत होतं, मग डावाला जड लागायला लागलं, आणि एकदम कधीतरी त्याचा पांढरेपणा गेला, काचेसारखी चमक आली, मधेच फदफद बुडबुडे. "झाली. आता गार होताना अजून दाटंल." पीठ कच्चं राहिलं तर चिकटत नाही, ते पाणी पिऊन फुगलं पाहिजे, हे विज्ञान मला डीएडला शिकवलेलं, पण नेमकं कुठं थांबायचं ते मावशींच्या मनगटाला ठाऊक.

मी खिशातनं पुडी काढली. मावशींनी विचारलं काय आहे. निळे खडे बघितल्याबरोबर त्यांनी पातेलं उचलून पलीकडं ठेवलं.

"ह्ये नाय टाकायचं."

मी समजावायला लागलो की चिमूटभरच, झुरळं लागत नाहीत, आमचे वडील वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं न म्हणाल्या, "तुमच्या वडलांच्या पुस्तकाला पोरं चाटत नसत्याली. हितं बोट आधी तोंडात जातं, मग कागदावर." खरं सांगायचं तर मला जरा रागच आला. पण पातेलं त्यांचं, कणीक त्यांची. पुडी परत खिशात गेली.

वर्गात कंदिलाचं काम मात्र झकास सुरू झालं. कंपास सगळ्यांकडं नाही, म्हणून ताटातली वाटी पालथी ठेवून पत्रिकेवर गोल मारायचे. गोल कापला की दोनदा अर्धा दुमडायचा, घड्या जिथं एकमेकींना कापतात तो मध्य. मग गोलाची कड त्या मध्यापर्यंत आणून दुमडायची, अशी तीन बाजूंनी, टोकाला टोक जुळवून. आत आपोआप समभुज त्रिकोण उभा राहतो, पट्टी नाही कोनमापक नाही, आणि बाजूला तीन पाकळ्या उरतात त्यांना खळ लावून एकमेकींना चिकटवायचं. असे २० गोल झाले की अख्खा चेंडू होतो: ५ ची वरची टोपी, ५ ची खालची, मधे १० चा पट्टा, एक उलटा एक सुलटा. आम्ही खालची टोपी लावलीच नाही, कारण पत्रिकेचा पुठ्ठा जाड, उजेड बाहेर पडायला कुठनं तरी वाट पाहिजे. म्हणजे कंदिलाला १५ गोल, ९ गट, १३५ गोल.

अडचण आली ती गणपतीची. चौथीतली एक मुलगी कात्री खाली ठेवून बसली, "सर, गणपतीवरनं कात्री चालवायची नाय, पाप लागतं." झालं, सगळा वर्ग थांबला. यावर पुस्तकी उत्तर माझ्याकडं नव्हतं. तोडगा पोरांनीच काढला, वाटी अशी ठेवायची की गणपती बरोबर मधल्या त्रिकोणात आला पाहिजे, पाकळीची घडी पण त्याच्यावरनं जाता कामा नये. मग जो तो गणपती शोधायला लागला आणि उरलेल्या जागेतनं चि. सौ. कां., शुभविवाह, अर्धवट कापलेली आडनावं, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असले तुकडे. पोरं ते मोठमोठ्यानं वाचत होती. दुसरीतला एक पोरगा, ज्याला अजून जोडाक्षर जमत नाही असं माझं मत होतं, तो "वऱ्हाडी मंडळी" गडगड वाचून मोकळा झाला.

ह्याच पोरानं थोड्या वेळानं बोटावरची खळ चाटली. चाटली, जरा विचार केला आणि म्हणाला, "सर, मीठ नाय टाकलं."

सगळे हसले. मी पण हसलो, पण हात आपोआप खिशावर गेला.

दुपारी कंदील वाळायला व्हरांड्याच्या कट्ट्यावर उन्हात मांडले आणि पोरं खिचडीला बसली. शाळेला कंपाउंड आहे, गेट आहे, गेटाला कडी नाही. मी ताट घेऊन बसतोय तोवर आरोळी, "सर, शेरडी कंदील खाती!" धावत गेलो तर एक काळी शेळी निवांत उभी, तोंडात अर्धा कंदील, मध्ये मध्ये मान वर करून आमच्याकडं बघतीय. तीन कंदील पूर्ण गेले, चौथ्याचा पट्टा कुरतडलेला. खळीचा वास जनावरांना लगेच कळतो, गावात भिंतीवरची खळीनं डकवलेली पोस्टरं गाई कशा ओढून खातात ते आपण बघतोच की.

मागोमाग शेळीवाली आजी आली, हातात काठी, पण काठी शेळीसाठी नव्हतीच.

"काय लावलं व्हतं कागदाला? आवशीद बिवशीद न्हाय ना लावलं? गाभण हाय माझी!"

मला बोलताच येईना. मागून मावशी डाव हातात घेऊनच आल्या. "कणीक हाय आजे, घरची. म्या शिजवली. तुझ्या शेरडीनं खीर खाल्ली आसं समज."

"गूळ घातलाता का?" आजीनं विचारलं, आणि तिचं तिलाच हसू आलं.

मावशींनी माझ्या खिशाकडं एकदाच बघितलं. पोरांसमोर, आजीसमोर एक अक्षर बोलल्या नाहीत, परत जाऊन खिचडी वाढायला लागल्या.

ज्या गटांचे कंदील गेले त्यातल्या दोन पोरी रडायला लागल्या. पत्रिका तर संपलेल्या, जे उरलं त्यात गणपती नाही. आजी शेळीला ओढत गेली, आणि अर्ध्या तासानं रबर लावलेला एक गठ्ठा घेऊन परत आली. नातवाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, कोऱ्या, वाटायच्या राहून गेलेल्या. "चारशे छापल्या, गाव केवढं, पावनं केवढं. घ्या, संपवा." खळ पातेल्याच्या कडेला होती तेवढी खरवडून पुरली.

त्यामुळं आमच्या व्हरांड्यात ९ पैकी ४ कंदील एकसारखे लटकले, प्रत्येकावर तोच गणपती, आणि एकावर तर तीनदा, "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं". तो काका, म्हणजे आजीचा नातू, कट्ट्यावर उभा राहून वायर ओढत होता, बल्ब लावायला आजीनंच त्याला धाडलेला.

संध्याकाळी घरी जाताना पुडी घरमालकाच्या पडवीत ठेवली. दुपारी पळापळीत घाम आलेला, खिशाला खालच्या कोपऱ्यात निळा डाग पडलाय, दोनदा धुतला तरी गेला नाही.