मंगळावरचं वादळ आणि माझी रात्रपाळी

अमेरिकन लेखक अँडी वीअर मला अगदी घरचा माणूस वाटतो, कारण मीही दिवसभर ऑफिस करून रात्री सायफाय लिहिते आणि स्वतःच किंडलवर टाकते. हा तेव्हा पेशाने प्रोग्रामर होता, मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची कादंबरी 'द मार्शियन' त्याने आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली, वाचणाऱ्यांतले केमिस्ट्रीवाले चुका कळवायचे आणि हा दुरुस्त करायचा, मग लोकच मागे लागले की किंडलवर टाक, तर किंमत ठेवली 99 सेंट, त्याहून कमी ठेवताच येत नव्हती! 2014 मध्ये मोठ्या प्रकाशनाने ती काढली, पुढच्या वर्षी सिनेमा.

पण मला खरं वेड लावलं ते त्याच्या गणिताने. यानाचा मार्ग नीट यावा म्हणून पठ्ठ्याने स्वतः प्रोग्राम लिहिला. आणि तरी कादंबरीच्या सुरुवातीचं, यान उलथवू पाहणारं वादळ मात्र चुकीचं आहे, मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास, तिथला वारा यान कसं उलथवणार? त्याला हे माहीत होतं, गोष्टीसाठी त्याने ठेवलं आणि तसं मोकळेपणाने सांगितलंही. मला हे फार आवडतं.

माझी नवी गोष्ट नारायणगावजवळच्या खोडदला घडते, जीएमआरटी या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, त्या कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काय ऐकू शकतात हे वाचण्यातच दोन महिने गेले. तिसरं प्रकरण परवा परत लिहिलं, सिग्नल यायला लागणारा वेळ चुकला होता.