बडोदा ते विद्यानगर: खरा प्रवास आणंद स्टेशनाबाहेर सुरू होतो

बडोद्याहून वल्लभ विद्यानगर ४० किलोमीटरच्या आतबाहेर. पण आमच्या दांडिया बाजारात कुणालाही विचारा, प्रत्येकाची वाट वेगळी, आणि दुसऱ्याची कशी चुकीची हे सांगायला प्रत्येकाकडे भरपूर वेळ. भाचीला तिथल्या इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ताईने फर्मान काढलं, "तू सगळ्या वाटांनी जाऊन बघ, मग ठरवू रोज जा-ये करायची की हॉस्टेल." मामा रिकामा असल्याचं घरात सगळ्यांना ठाऊक आहेच.

आधी रेल्वे. अहमदाबादकडे जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी आणंदवरून जाते. जलद गाडी पाऊण तासाच्या आत सोडते, मेमू, म्हणजे छोट्या स्टेशनांवरही थांबणारी लोकल, थोडी रमतगमत. सकाळच्या मेमूत पासवाल्यांचं राज्य असतं. खिडक्या त्यांच्या, पत्त्यांचा डावही त्यांचाच. नवख्याने दाराशी उभं राहावं, त्यात फायदाच आहे, कारण वासदच्या अलीकडे मही नदी येते आणि तिच्या काठची कोतरं, म्हणजे खोल घळी, दारातूनच नीट दिसतात. पुढे अडास. १९४२च्या ऑगस्टमध्ये बडोद्याच्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या ते हेच स्टेशन. त्यांच्याच वयाची पोरं आज तिथून मोबाइलमध्ये मान घालून जातात. आमच्या भाचीला मी सांगितलं तेव्हा तिने निदान मान वर केली.

आणंदला उतरलात की अर्धं काम झालं, असं वाटतं. तसं नाही. विद्यानगर अजून पाचेक किलोमीटर, आणि ते शटल रिक्षावर अवलंबून. "विद्यानगर, विद्यानगर, एक सीट!" असं रिक्षावाला ओरडत असतो. ती 'एक सीट' म्हणजे त्याच्या शेजारची अर्धी फळी, एक पाय बाहेर, दप्तर मांडीवर. कॉलेजच्या वेळेला रिक्षा चुटकीसरशी भरते. दुपारी दोनला मात्र तो चहा पितो, तुम्ही ऊन बघता, आणि गाडीने वाचवलेला सगळा वेळ तिथे जातो. नकाशात बघणारे हुशार लोक म्हणतात, आणंदहून वडतालला फाटा जातो, त्यावर वल्लभ विद्यानगर नावाचं स्टेशनच आहे की! आहे खरं. पण त्या गाडीची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळण्याच्या भरवशावर कुणी पास काढू नये.

एसटीचा डेपो बडोदा स्टेशनाला लागूनच. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो आणि बस थेट विद्यानगरवरून जाणारी असली तर रिक्षाची कटकट वाचते. वेळ मात्र तास-सव्वा तास धरा, छाणीच्या बाजूला ट्रॅफिक लागलं तर जास्त. अमितनगर सर्कलवर खाजगी गाड्याही उभ्या असतात. रेल्वे चुकली की सगळे तिकडे धावतात. मला काही त्या मानवल्या नाहीत. गाडी भरेपर्यंत हलत नाही, आणि 'भरली' कशाला म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवतो.

स्वतःची कार असेल तर एक्सप्रेसवेचा मोह होतो. ९३ किलोमीटरचा तो रस्ता अहमदाबादला जायला झकास. पण आणंदसाठी उतरायचं सामरख्याला, म्हणजे गावाच्या एका टोकाला, आणि विद्यानगर दुसऱ्या. मग सगळं आणंद ओलांडा. त्यापेक्षा वासदवरून जुना हायवे बरा. दुचाकीला तर एक्सप्रेसवेवर सोडतच नाहीत. शिवाय वासदला तूरडाळ घेता येते. आमच्या आईच्या मते कारने जायचं तेवढं एकच कारण आहे. पादरा गावचे आमचे नातेवाईक पूर्वी महीवरच्या गंभीरा पुलावरून बोरसदकडे निघत. ९ जुलै २०२५ला तो पूल कोसळला, माणसं गेली, आणि तेव्हापासून त्यांनाही वासदचाच वळसा.

विद्यानगरात पोचलं की मात्र वाहनाचा विषय संपतो. भाईकाका पटेल हे मुळात इंजिनियर, सिंधू नदीवरच्या सक्कर बॅरेजवर काम केलेले. सरदार वल्लभभाई पटेलांच्या प्रेरणेने त्यांनी १९४५-४६च्या सुमारास करमसदच्या शेजारी, शेतकऱ्यांनी दिलेल्या जमिनीवर, शिक्षणासाठीच हे गाव आखलं. भाचीच्या कॉलेजचं उद्घाटन १९४८ साली माउंटबॅटन यांच्या हस्ते झालं. रस्ते रुंद, कॉलेजं एकमेकांना चिकटून. मोटा बाजार, नाना बाजार सायकलच्या टप्प्यात. खाणावळ, झेरॉक्स, पंक्चरवाला, सगळं पोरांच्या वेळापत्रकाने चालतं.

तर ताईला मी सांगितलं: वर्ग सकाळचे असतील तर रेल्वेचा पास काढ, रिक्षा आपोआप भरेल. लॅब संध्याकाळपर्यंत चालणार असेल तर हॉस्टेल. भाचीने टाइमटेबल काढून दाखवलं. आठवड्यातले तीन दिवस लॅब साडेपाचपर्यंत. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू ते टाइमटेबल मीच लावलं होतं. सामानाच्या दिवशी कार न्यायची ठरली, वासदमार्गे. आईने डाळीची पिशवी आधीच काढून ठेवली आहे.