पक्का पुअर: ढेप, वाफ आणि कुबट वास

१४ जुलै, सकाळ

पुअर म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातला, दाबून ढेप केलेला, मुरवलेला चहा. ही ढेप हातोडीने फोडू नये. मागच्या खळग्यातून किंवा कडेने चहाची सुरी आडवी सरकवायची आणि थर हळूहळू उचलायचा. पानाचा भुगा झाला की रस गढूळ उतरतो आणि पहिल्या दोन-तीन कपांतच चहाचा दम संपतो. सुरी स्वतःच्या हाताच्या दिशेने रेटू नका. जुनी ढेप दगडासारखी घट्ट असते.

१०० मिलिलिटरच्या गायवानला, म्हणजे झाकणाच्या कपाला, ७ ग्रॅम पान. पाणी खळखळ उकळतं हवं. कोमट पाण्याने पान मिटलेलंच राहतं. पहिलं पाणी १० सेकंदांत ओतून द्यायचं, फार दाबलेली ढेप असेल तर दुसरंही. मग झाकण ठेवून मिनिटभर वाफेत राहू द्यायचं आणि त्यानंतर झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. चहाचा निम्मा निकाल इथेच लागतो.

ओल्या पोत्यासारखा, किंचित मासळीकडे झुकणारा वास आला तर घाबरू नये. तो ढिगाचा वास. युन्नानमध्ये पक्का पुअर करताना उन्हात वाळवलेलं मोठ्या पानाचं (आसामी जातीचं) पान ढीग करून, पाणी शिंपडून, झाकून ठेवतात. बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात आणि ढीग आतून तापतो. साधारण दीड महिना तो अधूनमधून उलटावा लागतो. उलटायला उशीर झाला की पान आंबतं किंवा करपतं. ही रीत १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. त्याआधी कच्चा पुअर, म्हणजे असा ढीग न केलेला, मुख्यतः वर्षानुवर्षं ठेवून मुरवला जायचा. ढिगाचा वास हवा लागली की वर्ष-दोन वर्षांत विरतो. कुबट, तळघरातला वास मात्र वेगळा. तो घशाला खाजवतो आणि नंतर तोंड कोरडं पाडतो. ढेपेवर पिवळी-हिरवी बुरशी दिसली तर धुऊन पिण्याचा शहाणपणा नको, टाकून द्या.

वेष्टनावरच्या आकड्यांनीही लोक फसतात. ७५७२ म्हणजे १९७५ चा चहा नव्हे! ७५ हे मिश्रण ठरलं ते साल, ७ ही पानाची प्रत, आणि २ म्हणजे मंगहाय कारखाना. हे मिश्रण आजही निघतं. वयाचा दाखला म्हणून हा आकडा दाखवणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं. जुना म्हणजे चांगला असंही नाही. वाईट पान वीस वर्षं ठेवलं तर वीस वर्षांचं वाईट पान मिळतं.

पहिले तीन-चार कप १० ते १५ सेकंदांचे. रस दाट तांबूस-काळा, पण उजेडात धरला तर स्वच्छ दिसायला हवा. तोंडात पेजेसारखा गुळगुळीत, चवीत भिजलं लाकूड आणि खजूर. पाचव्यापासून वेळ वाढवत न्यायचा. आठव्याला मिनिटभर लागतं. दूध-साखर घालायची तर हा चहा कशाला आणायचा?

ठेवण्याची अडचण आपल्याकडे पावसाळ्यात. हवेतला दमटपणा ६० ते ७० टक्के असेल तर ढेप खुशीत असते, आणि मुंबईत आत्ता तो ८० च्या पुढे आहे. या दिवसांत ढेप कागदासकट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आठवड्याला उघडून हुंगावी. मसाल्याच्या कपाटात किंवा देवघराजवळ अजिबात नको, उदबत्तीचा वास तर ती हमखास ओढून घेते. कच्चा आणि पक्का वेगवेगळे ठेवावेत. फ्रिजमध्येही ठेवू नये.

शेवटी गायवान रिकामा झाला की एक पान उचलून अंगठा आणि तर्जनीत चोळून बघावं. मऊ पडून उलगडलं तर ढीग नीट उलटला होता. कोळशासारखं टणक, काळं, काडीसारखं राहिलं तर ते ढिगातच करपलं होतं.