सांगलीत, निकालाच्या आधी

मे महिन्यात सांगलीला येऊ नकोस, असं मावशी दरवर्षी बजावते आणि दरवर्षी मी नेमका मे महिन्यातच जातो. २०२४ च्या २५ मेला पुण्याहून दुपारची गाडी धरली. कऱ्हाड मागे पडेपर्यंत खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नव्हती. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी असं करत उसाचा पट्टा लागला तेव्हा कुठे जिवात जीव आला. स्टेशनबाहेर मावसभाऊ गाडी चालू ठेवूनच उभा. "दादा, बस लवकर. साडेसातला मॅच हाय." प्रवास कसा झाला, हे विचारायलाही त्याला सवड नव्हती.

मॅच म्हणजे इंग्लंडातल्या फुटबॉलच्या एफए कपची फायनल, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी. विश्रामबागेत त्याच्या मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आठ-दहा पोरं, एक कूलर आणि परातभर भडंग. (पलीकडं कोल्हापुरात फुटबॉलमध्ये पाटाकडील-खंडोबा अशी पेठांची ईर्षा असते. आमच्या पोरांची ईर्षा थेट मँचेस्टरची!) कोण जिंकणार यावर वाद रंगला असेल, असं मला वाटलेलं. पण आदल्याच दिवशी एका इंग्रजी पेपरात बातमी आली होती, की फायनलचा निकाल काहीही लागो, युनायटेडचा मॅनेजर एरिक टेन हागला काढायचं ठरलंय. त्यामुळे खोलीत दोन तट पडलेले.

"लीगमध्ये आठवा नंबर लगा. आठवा! कोण ठेवंल त्याला?" हा कूलरचा मालक.

"आरं, वर्षभर निम्मी टीम दवाखान्यात. त्यानं काय स्वतः खेळायचं व्हय?" हा माझा भाऊ.

दोघांची एक किलो भडंगाची पैज लागली.

माझं घड्याळ २०१३ मध्ये अडकलंय. युनायटेडचे मॅनेजर म्हणून फर्ग्युसन १९८६ ला आले आणि २०१३ ला स्वतःहून उठले. मधल्या काळात "मॅनेजर राहणार का?" हा प्रश्न आम्हाला फारसा पडलाच नाही. त्यानंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शार आणि तेव्हाचा हा टेन हाग. या पोरांनी फर्ग्युसन नीट पाहिलेच नाहीत. त्यांच्या लेखी मॅनेजर म्हणजे आज ना उद्या जाणारा माणूस.

युनायटेडच्या गार्नाचोचा गोल, मग मेनूचा. दोघंही १९ वर्षांचे. शेवटी सिटीच्या डोकूनं एक फेडला, पण युनायटेडनं २-१ नं मारली. खोलीत कूलर पडेल इतका दंगा झाला, तोही जेमतेम पाच मिनिटं. मग प्रत्येकाचं डोकं मोबाइलमध्ये. कप हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा बघायचा सोडून पोरं त्याच्या नोकरीची बातमी शोधत होती. मला ते जरा खटकलं. पण कूलरवाल्याचा मुद्दा बिनतोड होता: "२०१६ ला व्हॅन गालनं हाच कप जिंकलेला. दोन दिवसांत घरी पाठवला की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आयर्विन पुलावर गेलो. १९२९ चा दगडी पूल, खाली कृष्णा पार आटलेली. पावसाळ्यात अख्खी सांगली या पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या आकड्यावर जगते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. "कोयनेतनं किती सोडलंय, इथं कधी पोचंल" हा हिशेब इथलं शाळकरी पोरही तोंडपाठ मांडतं. हळदीच्या भावाचा अंदाज बांधणं तर गावाच्या रक्तातच, एकेकाळी इथं हळदीचा वायदेबाजार चालायचा. अशा गावाला एका डच माणसाची नोकरी म्हणजे किस झाड की पत्ती!

त्यात लोकसभेचं मतदान ७ मेला उरकलेलं आणि निकाल ४ जूनला. चहाच्या गाड्यावर एका बाकावर टेन हाग, दुसऱ्यावर खासदारकी. तिन्ही मुख्य उमेदवार पाटील असल्यानं "पाटीलच येणार, लिहून घ्या" म्हणणारा एक काका सगळ्यात निर्धास्त होता. आमच्या बाकावर टेन हागच्या जागी टुखेल आणि पोचेटिनोची नावं फिरत होती. युनायटेडचे एक मालक रॅटक्लिफसाहेब, त्यांच्याकडं चतुर्थांशाहून थोडाच जास्त हिस्सा, पण फुटबॉलचा कारभार सगळा त्यांच्याच हातात, यावरून "आपल्या कारखान्यागत हाय म्हण की" असा शेरा पडला. एरवी अशी तुलना मी हसण्यावारी नेली असती. या वेळी मात्र मला ती पटली.

हरिपूरचा संगम उन्हानं राहून गेला. मावशीनं पुन्हा बजावलं, मी पुन्हा मान डोलावली आणि परतीची गाडी धरली.

४ जूनला अपक्ष विशाल पाटील निवडून आले, म्हणजे काकाचं भाकीत खरं ठरलं. ११ जूनच्या रात्री बातमी आली की टेन हाग राहणार, आणि जुलैत तर त्याचा करार २०२६ पर्यंत वाढला. कूलरवाल्यानं निमूटपणे एक किलो भडंग पोचतं केलं.

२८ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमकडून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, टेन हागला काढलं. संध्याकाळी भावाचा फोन. "दादा, त्यो भडंग परत मागतोय."

"मग?"

"संपलं की कवाच. तू बी खाल्लंयस गणपतीत. अर्धा किलोचं पैसं पाठव."