गौरी-गणपतीनंतरचा रविवार

१५ सप्टेंबर २०२४. सकाळी नऊच्या सुमाराला डोंबिवलीहून काकांचा फोन आला. "अरे, कालपासून घरात इंटरनेट नाही. संध्याकाळी कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याच्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं. म्हणाला, लाइन ठीक आहे, तुमच्या त्या डबीत काहीतरी गडबड आहे."

ती डबी मीच बसवलेली. मी लगेच ठाण्याहून लोकल पकडली.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे छोट्या दवाखान्यांची आणि दुकानांची नेटवर्कं सांभाळणं. घरची कामं ओळखीतून येतात, तसंच हे. काकांच्या हॉलमधल्या कपाटात एक छोटा पीसी आहे, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्का, एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप उमटतं. चाळीस वर्षांचे फोटो त्यात इमिच या फोटो साठवण्याच्या ॲपवर लावलेत. काकांच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही आहेत, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या कंपनीत ठेवायचं नाही, आपल्या घरातच राहिलं पाहिजे, हा काकांचा हट्ट होता आणि मला तो मनापासून पटला होता. पीसीशेजारी ती डबी, म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक. त्यावर जाहिराती अडवायला पाय-होल आणि त्याच्या मागे अनबाउंड, असे दोन प्रोग्रॅम. घरातलं कुठलंही यंत्र नावावरून पत्ता विचारतं ते या पायला, आणि अनबाउंड थेट मूळ सर्व्हरांपासून सुरुवात करून तो पत्ता शोधून आणतं.

काकूंनी दार उघडलं. चेहरा उतरलेला. "आम्ही गावाला जाताना मेन स्विच बंद करून गेलो. त्यानेच बिघडलं का रे? ओव्या गेल्या का?"

आधी तेच पाहिलं. काकांच्या फोनवर फोटो उघडले. ओवी लावली, आवाज आला. काकू खुर्चीत बसल्या आणि मग माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

घरातलं सगळं चालतंय आणि बाहेरचं काहीच नाही, हा पहिला धागा. लॅपटॉपवरून गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारली, उत्तर लगेच आलं. म्हणजे लाइन खरंच ठीक होती. नाव विचारलं की मात्र पाय म्हणे सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही. घरच्या पीसीचं नाव पायच्या स्वतःच्या यादीत आहे, म्हणून तेवढं मिळत होतं.

मग डिग या पत्ते विचारायच्या प्रोग्रॅममधून सांगितलं, उत्तराची सही तपासू नकोस, नुसतं उत्तर दे. झटकन पत्ता आला.

हे पाहून मी चमकलो. नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिच्या बऱ्याच उत्तरांवर डिजिटल सही असते, डीएनएसएसईसी म्हणतात तिला. वाटेत कुणी खोटा पत्ता घुसडू नये म्हणून ती असते. २०१० पासून डीएनएसचं मूळसुद्धा असं सही केलेलं आहे. अनबाउंड सही जुळवून पाहतं आणि न जुळणारं उत्तर पुढे जाऊ देत नाही. पण इथे एकूणएक सह्या खोट्या ठरत होत्या, मुळापासूनच्या. सगळं जग खोटं बोलत नसणार. मी पायवर तारीख विचारली.

गुरुवार, ५ सप्टेंबर, रात्रीचे ११ वाजून ४ मिनिटं.

खिडकीबाहेर रविवारचं लख्ख ऊन होतं.

पाय ४ वर वेळ राखणारं घड्याळच नसतं. पीसीच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, वीज नसली तरी त्यावर वेळ चालू राहते. पाय मात्र बंद होण्याआधीची वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि उठला की तिथूनच पुढे मोजू लागतो. काका-काकू बुधवारी, ४ तारखेला संध्याकाळी कोकणात निघाले आणि शनिवारी पहाटेच्या गाडीने परतले. पायच्या लेखी मधले दिवस झालेच नव्हते.

प्रत्येक सहीवर ती कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे ते लिहिलेलं असतं. १३-१४ तारखेला केलेली सही ५ तारखेत अडकलेल्या यंत्राला अजून लागूच झालेली नाही. म्हणून नकार. पाय इंटरनेटवरून वेळ विचारतो खरा, पण ज्या सर्व्हरला विचारायचं त्याचं नाव माहीत असतं, पत्ता नाही. पत्ता सांगणारं कोण, तर तेच अनबाउंड.

काकांना हे समजावत होतो, तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

हाताने तारीख घातली, अनबाउंड पुन्हा सुरू केलं. अर्ध्या मिनिटात दोघांचे फोन वाजायला लागले, दोन दिवसांचे निरोप एकदम.

पण मला घाई नव्हती. डोंबिवलीत वीज काय कमी वेळा जाते? तेव्हा असं कधीच झालं नव्हतं. कारण अनबाउंड घड्याळाची थोडी चूक चालवून घेतं, सहीच्या मुदतीच्या दहा टक्के, पण एका दिवसापेक्षा जास्त नाही. दोन-चार तास वीज गेली तर ते खपून जातं. मी बसवताना पाय दोन मिनिटं बंद करून पाहिला होता आणि खूश होऊन घरी गेलो होतो. पावसाळ्यात घर दहा दिवस बंद ठेवणारा शहाणा माणूस मेन स्विच बंद करूनच जातो, हे मी धरायला हवं होतं. काकूंना तसं स्पष्ट सांगितलं: "तुम्ही केलंत तेच बरोबर. चूक माझी आहे."

राउटरमध्ये दुसरा डीएनएस टाकून मोकळं होता आलं असतं. पण दोन पत्ते दिले की यंत्रं मनाला येईल त्याला विचारतात, मग पाय-होलला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा पीसीवर क्रोनी हा वेळ जुळवणारा आणि इतरांना सांगणारा प्रोग्रॅम बसवला. बाहेरून वेळ मिळेना झाली तरी स्वतःच्या घड्याळाची वेळ सांगत राहा, अशी सूचना त्याला दिली, आणि पायला वेळ विचारण्यासाठी पीसीचं नाव न देता थेट आयपी पत्ता दिला. पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल आणलं. पायच्या पिनांवर बसतं, सेलवर चालतं, वर्षाला फार तर मिनिटभर चुकतं. काकांच्या घरी ते बसवलं, नेटवर्कची वायर काढली, वीज बंद केली. काकांबरोबर निवांत जेवलो. मग वीज सुरू करून, वायर न लावताच तारीख विचारली. बरोबर होती.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. निघायच्या दिवशी काकूंचा फोन आला. "मेन स्विच बंद करून चाललोय हं. चालेल ना?"

"बंद करा काकू."

परतल्यावर घरच्या वायफायवरून त्यांनी गौरींचा फोटो पाठवला, आणि खाली काकांनी लिहिलं होतं, तारीख बरोबर आहे.