तुम्ही विचारलंत म्हणून: घरात दिसणारा कॅमेरा बाहेर गेल्यावर का दिसत नाही?

“घरच्या वायफायवर चारही कॅमेरे स्वच्छ दिसतात. बाहेर पडून मोबाईल डेटा लावला की नुसतं चक्र फिरत राहतं. असं का?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कोकणातल्या बंद घराकडे मुंबईहून लक्ष ठेवणाऱ्यांकडून तर फारच.

घरात फोन आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) एकाच राउटरवर असतात. चित्र घरातल्या घरात पोचतं, त्याला इंटरनेट लागतच नाही. त्यामुळे कॅमेरा लावून देणाऱ्याने वायफायवर चित्र दाखवलं म्हणजे काम झालं असं समजू नका. तो घरात असतानाच फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा.

दिसलं नाही, तर आधी दोष फोनकडे आहे की घराकडे, ते ठरवा. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. त्यावर दिसलं तर घरचं सगळं ठीक आहे, अडचण तुमच्या फोनात किंवा सिमवर आहे. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या यादीत त्या ॲपचं बटण बंद असू शकतं. अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर, चालू राहिलेलं व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस ही तीन ठिकाणं बघा. एपीएनमध्ये (सिमच्या इंटरनेटची सेटिंग) प्रोटोकॉल ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ असा दोन्ही ठेवा.

हॉटस्पॉटवरही दिसत नसेल तर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत जा. इथे खरी गोम असते. बसवताना बऱ्याचदा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, कायमचा टाकून ठेवतात, समजा १९२.१६८.१.१०८ आणि गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.१.१. पुढे ब्रॉडबँड बदलतं आणि नवा राउटर १९२.१६८.१.२५४ वर येतो. आकड्यांचे पहिले तीन गट तेच असल्याने घरात चित्र दिसत राहतं, पण डीव्हीआरला बाहेरचा दरवाजाच सापडत नाही. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) चालू करा किंवा गेटवेच्या जागी नव्या राउटरचा पत्ता टाका. डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) ८.८.८.८ ठेवा. मग पीटूपी (कंपनीच्या सर्व्हरमार्फत होणारी जोडणी) किंवा क्लाउडच्या पानावर ‘ऑनलाइन’ असं दिसायला हवं. तरी ऑफलाइन असेल तर घड्याळ बघा. आतला घड्याळाचा छोटा सेल (बहुधा सीआर२०३२) संपला की वीज गेल्यावर तारीख भलत्याच वर्षात जाते आणि सर्व्हरशी होणारी सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते. रेकॉर्डिंगवरची वेळही चुकते, ते वेगळंच.

आता पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्यासाठी राउटरमध्ये दरवाजा (पोर्ट) उघडणं. जुने लोक अजून ३७७७७ किंवा ८००० हा पोर्ट उघडून देतात. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि त्याच वायफायवर ‘माझा आयपी’ दाखवणारी साइट उघडा. दोन आकडे वेगळे असतील किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलाय. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग पोर्ट उघडा नाहीतर डीडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सोय) लावा. सिमवर चालणाऱ्या राउटरवर बहुधा हीच स्थिती असते. (दोन आकडे वेगळे असण्याचं दुसरं कारण म्हणजे फायबरच्या डब्यामागे लावलेला स्वतःचा दुसरा राउटर.)

स्थिर आयपी पैसे भरून मिळतो, पण घरासाठी तो घेऊन पोर्ट उघडा असं मी कुणालाही सांगणार नाही. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते. पीटूपीमध्ये डीव्हीआर स्वतःहून बाहेर जोडला जातो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि कुठला दरवाजा उघडा राहत नाही. फक्त ते खातं तुमच्या नंबरवर हवं. बसवणाऱ्याच्या खात्यात डीव्हीआर जोडलेला असेल तर त्याच्याकडून तो काढून घ्या. तुमच्या घरातलं चित्र परक्या फोनवर उघडत असेल, तर ते आजच थांबवायला हवं. राउटरमधलं यूपीएनपीही (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा.

चित्र येतं पण अडकतं, ही तक्रार निराळी. तिथे घरच्या जोडणीचा अपलोड कमी पडतो. १०८० पिक्सेलचा मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) साधारण ४ एमबीपीएस घेतो, म्हणजे एका कॅमेऱ्याला तासाला १.८ जीबी. बाहेरून बघताना सब-स्ट्रीम (त्याच चित्राची हलकी प्रत) निवडा. ५१२ केबीपीएसवर तासाला सुमारे २३० एमबी जातात, आणि चार कॅमेरे एकदम उघडले तरी २ एमबीपीएसहून थोडा जास्त अपलोड पुरतो. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) १० वर आणला तरी दारात कोण आलंय ते कळतं. रेकॉर्डिंग मात्र मेन स्ट्रीमवरच राहू द्या.

गावच्या घरी आणखी एक गोष्ट तपासा. डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर साध्या सॉकेटवर. वीज गेली की रेकॉर्डिंग चालू, पण फोनवर ‘ऑफलाइन’. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात. आणि सिमचा राउटर असेल तर त्याच्या रिचार्जची तारीख स्वतःच्या फोनमध्ये लावून ठेवा.