टॅब, ॲप आणि माझा बँजो: तुम्ही विचारलंत म्हणून

"अजून टॅब बघूनच वाजवतेस?" अमेरिकेतल्या शार्लटमधली ब्लूग्रासवाली (म्हणजे बँजो-फिडलचं तिथलं लोकसंगीत वाजवणारी) मंडळी हे हसत विचारतात, पुण्याहून भाऊ न हसता. तो तबला वाजवतो. त्याच्या सरांनी बोल वहीत उतरवू दिले नाहीत, सगळं तोंडी. माझा आयपॅड दिसला की त्याच्या भुवया वर.

तर हो, बघते. टॅब म्हणजे टॅब्लेचर, त्यात कितव्या तारेवर कितवा पडदा हे आकड्यांत लिहिलेलं असतं, म्हणून पंचेचाळिशीत हातात घेतलेलं वाद्य वाजतंय तरी. इथून तासाभरावर, शेल्बीजवळ जन्मलेल्या बँजोच्या उस्तादाने, अर्ल स्क्रग्जनीच 1968 मध्ये शिकवणीचं पुस्तक काढलं, त्यात टॅबच आहेत. आणि 'फक्त कानाने' शिकलेले जुने लोक? त्यातले कितीतरी एलपी रेकॉर्ड मिनिटाला 33 फेऱ्यांऐवजी 16 वर लावायचे. वेग अर्धा, सूर एक सप्तक खाली. माझं ॲप तेच करतं, सूर न पाडता. पट्टी बदलायला तारांवर लावायचा चिमटा, कॅपो, मात्र कुणाला खुपत नाही. तोही आधारच की!

इथवर मी भांडू शकते. त्या गुरुवारचं काय करू?

दुकानाच्या मागची खोली, आठ-नऊ जण गोल करून बसलेले. एक गाणं माझं पक्कं होतं. ॲपवर मिनिटाला 110 ठोक्यांच्या लयीत, न चुकता, पाठ. टॅब त्या दिवशी समोर नव्हताच, हे मुद्दाम सांगते. ब्रेक, म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी, फिरत फिरत माझ्याकडे येईल, मी वाजवीन, एवढाच हिशोब. गिटारवाल्या आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तूच सुरू कर.

बोटं तारांवर होती, आणि मी थांबले. कशासाठी, ते क्षणभर मलाच कळेना. मी चार ठोक्यांची वाट बघत होते. ॲप सुरुवातीला चार ठोके देतं. दीड वर्षं, रोज. इथे ते मी द्यायचे होते. घाबरून उचलली ती लय अशी, की दुसऱ्या ओळीत माझीच बोटं पोचेनात. बासवाल्या बाई मला धरून चालायला बघत होत्या, मी त्यांना. शेवटी मँडोलिनवाल्याने चॉप (ठेक्याचा तुटक झटका) जोरात मारून सगळ्यांना गोळा केलं आणि माझा अर्धा राहिलेला ब्रेक फिडलने पुरा केला. कुणी काही बोललं नाही. लगेच पुढचं गाणं. निदान हसले तरी असते.

गाडीत बसून रडले. हे भावाला सांगितलेलं नाही.

घरी येऊन सगळं डिलीट केलं. आता फक्त कान! तीन आठवडे टिकले. एकही नवं गाणं बसलं नाही, जुन्यांत चुका मुरल्या. तेव्हाची ती मी मला आज जरा नाटकी वाटते, पण तिचं सगळंच चूक होतं असंही म्हणवत नाही.

ॲप परत आलंय. सुरुवातीचे ठोके बंद ठेवते. म्हणजे, बहुतेक वेळा. तबल्याच्या साथीला तीच धून फिरवत ठेवणारं लेहऱ्याचं ॲप भाऊही लावतो, पण ते म्हणे वेगळं.

परवा गुरुवार आहे. आजोबांनी मान हलवलीच, तर मी खाली बघून खुंट्या पिळत बसेन, असं आत्ता तरी वाटतंय.